पारवीची रवाल

सावळारामानं बैलजोडी विकून घोडी घेतली तेव्हाच वाडीनं त्याला वेड्यात काढलं होतं. कुणब्याच्या दावणीला बैल नाही आणि घोडी आहे, म्हणजे पायात वहाण नाही आणि डोक्याला जरीचा पटका, असं जो तो बोलायचा. त्यात आता हे नवं खूळ. कार्तिकातली थंडी, दव अजून वाळलेलं नाही, आणि हा बाबा घोडीवर ताठ बसून, उजव्या हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या धरून, भामा नदीच्या अंगच्या पडीक पट्ट्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चकरा मारतोय.

शेजारच्या ज्वारीत पाखरं राखायला माळ्यावर बसलेला ज्योतीराम तिथूनच ओरडायचा, "आरं सावळ्या, परसाकडंला लोक पायी जात्यात. तू घोडीवरनं निघालास व्हय?"

या माळ्यावरून त्या माळ्यावर हसू जायचं. सावळाराम वळूनसुद्धा बघायचा नाही. वळला तर तांब्या हिंदकळणार, आणि हिंदकळला तर पुन्हा पहिल्यापासून.

हसणाऱ्याचं काय जातं? सावळारामाचं तीन वेळा गेलं होतं. पहिली पोरगी वर्षाची होऊन गोवरात गेली. दुसरा पोरगा जन्मला आणि हळदीसारखा पिवळा पडून तिसऱ्या दिवशी गेला. सटवीनं नेला, असं आई म्हणाली. तिसऱ्या खेपेला, नववा सुरू असताना ठकुबाईच्या पोटात दुखायला लागलं म्हणून तिला बैलगाडीत घालून तळेगावच्या दवाखान्याकडं निघाले. गाडी धाकटा भाऊ बिरू हाकत होता. रस्ता म्हणजे नुसती दगडांची रास. सावळाराम मागून "हाण, हाण" म्हणून ओरडत होता, बिरू हाणत होता आणि दर खाचेला ठकुबाई किंचाळत होती. दवाखान्यात पोर निघालं ते मेलेलंच.

"हिसक्यानं गेला गं माजा नातू," म्हणून आई, कुशाबाई, दारात ऊर बडवून रडली. वाडीनंही तेच धरलं. गाडीचा हिसका, दुसरं काय? सावळारामानं भावाला पाण्यात बघायला सुरुवात केली. ओरडणारा आपणच होतो हे तो साफ विसरला. माणसाला आपलंच तेवढं बरोबर विसरता येतं. घरात भिंत पडली, बिरू पिंपरीला सरकारी कारखान्याच्या बांधकामावर निघून गेला, आणि सावळारामानं रागाच्या भरात गाडी मोडली, बैल बाजारात नेऊन उभे केले.

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई निघताना एवढंच म्हणाली होती, "पुढच्या वेळी आठवा लागला की लगेच इकडे घेऊन या. उशीर करू नका." सावळारामानं मान हलवली होती. पण तळेगाव म्हणजे आठ कोस. गाडीत हिसके. यष्टीत तर मागच्या बाकावरचं माणूस छपराला डोकं आपटून येतं. घोडं पावलापावलानं न्यावं तर गरवार बाईनं अर्धा दिवस खोगिरावर बसायचं कसं? आता ठकुबाईला पुन्हा पाचवा लागला होता आणि सावळारामाच्या डोक्यात रात्रंदिवस तो हिसकाच घुमत होता.

चाकणला किल्ल्याच्या पडक्या तटाजवळ नूरमोहम्मद राहायचा. घोडी शिकवणारा जातिवंत चाबूकस्वार. इनामदारांची, सरदारांची घोडी त्याच्या हाताखालून गेलेली. आता इनामदार मोटारीत बसले आणि नूरमोहम्मदाच्या हाताला काम उरलं नाही. दारात खाट टाकून तो सडकेवरच्या लॉऱ्या मोजत बसायचा. सावळाराम त्याच्याकडं गेला आणि सगळं सांगितलं.

म्हातारा खाटेवरून उठला, त्यानं घोडीचे पाय चाचपले, पाठीवरून हात फिरवला. घोडी सहा वर्षांची, पारव्यासारखी राखी रंगाची. म्हणून तिचं नाव पारवी. आधीच्या मालकानं तिच्यावर चुना वाहिला होता.

"दुडकीत मुरलीय ही," नूरमोहम्मद म्हणाला. "दुडकी म्हंजे सुपातलं दाणं. स्वार नुसता उडतोय. तुला पायजे रवाल. एका अंगाचं म्होरलं-मागलं पाय जोडीनं पडलं पायजेत, मंग डाव्या अंगाचं, मंग उजव्या. पाठ जागची हलायची न्हाई आन् वाट मातर सरत जायची. खरी रवाल आसंल तर स्वारानं घोड्यावर बसून दूध प्यावं, मिशीला थेंब लागू नये."

"यील का हिला, चाचा?"

"हिला यील रं. तुला यील का ते बघायचं. घोड्याला शिकवणं म्हंजे त्याला बाकीचं समदं इसरायला लावणं. येकदा जरी दुडकीत पळू दिलंस, तर महिन्याची मेहनत पाण्यात. येक चूक आन् समदं सांडलं, ध्यानात ठेव."

"काय द्यायचं तुमाला?"

"काय नगं. मरायच्या आदी येक घोडं हाताखालनं जाऊ दे, बास."

तेव्हापासून सुरू झालं. नूरमोहम्मदानं पारवीच्या एका अंगाच्या पुढच्या आणि मागच्या पायाला लोकरीचा मऊ दोर बांधला, तसाच दुसऱ्या अंगाला. पाय जोडीनं टाकल्याशिवाय तिला चालताच येईना. पहिल्या दिवशी तिनं सात वेळा गुडघे टेकले. सावळारामाच्या डोळ्यांत पाणी आलं, तर म्हातारा खेकसला, "रडायचं आसंल तर घरी जा. तिला काय वाटतंय ते तिला ठावं." मग नांगरटीच्या ढेकळांतून चालवणं, म्हणजे पाय उचलायची सवय लागावी. मग दोर सैल. मग दोर सोडून. मग हातात तांब्या. महिन्याभरानं खोगिरामागं ज्वारीचं पोतं, बायकोच्या वजनाचं, आणि त्यावर बांधलेली पाण्याची लोटी.

या नादात सावळारामाच्या शेतीचे बारा वाजले. बैल नाहीत म्हणून सावडीला कुणी घेईना. घेईल कसं? सावड म्हणजे तुझे बैल आज माझ्यात, माझे उद्या तुझ्यात. याच्याकडं द्यायला होती घोडी. हरभरा कसाबसा टाकला होता तो घाट्यावर येण्याआधी अळीनं खाल्ला. तरी त्याला वाईट वाटलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा पारवी पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि तांब्यातलं पाणी फक्त दोनदा सांडलं होतं. घरी येऊन त्यानं हे ठकुबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हसली आणि म्हणाली, "हरभऱ्याचं काय झालं?"

"जळू दे हरभरा. तुला पाळण्यागत नेतो का न्हाई बघ."

ठकुबाई फार बोलणारी बाई नव्हती. तीन पोरं गेल्यावर ती आणखी कमी बोलायला लागली. पण नवरा संध्याकाळी घोडीच्या पायांना कोमट पाण्याचा शेक देत बसायचा, तेव्हा ती दारात येऊन उभी राहायची आणि त्याच्याकडं बघत राहायची. आपल्यासाठी एवढं कुणी केलेलं तिनं जन्मात बघितलं नव्हतं.

पौषात बिरू आला. कारखान्याच्या कामावरची खाकी पँट घातलेला, हातात भावजयीसाठी संत्र्यांची पिशवी. उंबऱ्याच्या आत यायची त्याची छाती झाली नाही. ओट्याखाली उभं राहूनच म्हणाला, "दादा, वहिनीला आठवा लागंल आता. आमच्या सायबाची जीप हाय. म्या इचारलंय. सांगशील त्या दिशी घिऊन येतो, निवांत नेऊ."

सावळाराम घोडीला खरारा करत होता. हात न थांबवता म्हणाला, "कोण हाकणार जीप?"

"डायवर हाय की."

"आन् तू बाजूला बसणार."

"न्हाई बसत, दादा. तू म्हनशील तर न्हाई येत. पर जीप घे."

"येकदा तुज्या गाडीत घातली हुती. पोटातलं गेलं. आता मोटारीत घालून हिलाच घालवायची का?"

कुशाबाई आतून ओरडली, "आरं सावळ्या, भाऊ हाय त्यो तुजा!"

"भाऊ हाय म्हनूनच उभा हाय अजून," सावळाराम म्हणाला.

बिरूनं पिशवी ओट्यावर ठेवली आणि आल्या पावली परत गेला. ठकुबाईनं संत्री उचलून आत नेली. एक सोलून तिनं नवऱ्यापुढं धरलं, त्यानं घेतलं नाही. जीप खरंच बरी असती का? असेलही. पण तीन महिने हातात तांब्या धरून बसलेल्या माणसाला ते सांगणार कोण?

माघ लागला आणि आठवा महिनाही. बुधवारी निघायचं ठरलं. कुशाबाईनं गोधडी दुमडून खोगिरावर शिवून दिली, दशम्या केल्या. सोमवारी नूरमोहम्मद म्हणाला, एकदा सगळी वाट करून बघू. म्हातारा आपल्या तट्टावर, सावळाराम पारवीवर, मागं पोतं आणि लोटी. चाकण मागं पडलं, म्हाळुंगे गेलं, पारवी रेशमाच्या धाग्यासारखी चालली होती. आणि इंदोरीजवळ इंद्रायणीच्या पुलावर आली मात्र, टापांचा आवाज पोकळ घुमला, खाली पाणी चमकलं, आणि पारवी बिचकून दुडकीत पडली. दहा-वीस पावलंच. पण लोटी अर्धी झाली.

सावळाराम खाली उतरून लोटीत बघत राहिला.

"व्हतंय," नूरमोहम्मद म्हणाला. "पुलाशी उतरव बाईला, पायी पार करू दे, पल्याड परत बसव. बुधवारी जा तू."

"न्हाई, चाचा. दगडी पूल हाय, चढ हाय, ती चालंल कशी? आन् ऐन वख्ताला पुलाआदीच बिचकली तर?"

"आरं, सोळा आणं चाल कुणाच्या घोड्याला आलीय? पंधरा आणं झाली. डाक्टरीणबाईनं लवकर ये म्हनलंय ना? मंग जा."

"तुमीच म्हनला हुता. येक चूक आन् समदं सांडलं."

म्हाताऱ्याला आपलेच शब्द आडवे आले. आणि खरं सांगायचं तर शेवटच्या घोडीची चाल एका आण्यानं कमी राहावी, हे त्याच्याही जिवावर आलं होतं. तट्टाचं तोंड वळवत म्हणाला, "आठ दिस लागतील. रोज पुलावर आणावी लागंल."

बुधवार गेला. सावळाराम तांबडं फुटायला निघायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. पुलावरून पारवीला हातात धरून चालवायची, मग बसून चालवायची, मग पोतं घालून. कठड्याशी उभी करून खालचं पाणी दाखवायचं, हरभऱ्याची डहाळी तिथंच खायला घालायची. इंदोरीची माणसं कामं टाकून बघायला जमायची. पाचव्या दिवशी तिनं अर्धा पूल रवालीत काढला. सातव्या दिवशी पुलाच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत गेली आणि लोटीतलं पाणी जसंच्या तसं. सावळाराम खाली उतरला, घोडीच्या मानेला मिठी मारली आणि भर रस्त्यात रडला.

घरी आला तो ओरडतच, "ठके! पूल काढला! येक थेंब न्हाई सांडला! उद्याच निघू."

ठकुबाई चुलीपाशी बसली होती. हात पोटावर होता. नवऱ्याच्या तोंडाकडं तिनं बघितलं. कितीतरी दिवसांनी ते तोंड असं उजळलेलं होतं.

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीची ती वाट सावळारामाच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वाट होती, हे सांगताना माझीही जीभ अडखळते. पुढं तो, मागं गोधडीवर एका अंगाला पाय सोडून बसलेली ठकुबाई, तिचा हात त्याच्या कमरेला. ज्वाऱ्या काढणीला आलेल्या, हवेत कडब्याचा वास. म्हाळुंग्याला विहिरीवरच्या बाया घागरी खाली ठेवून बघत राहिल्या. एक म्हातारा म्हणाला, "वा रं गब्रू! घोडी हाय का पालखी?" पूल आला, टापा घुमल्या, आणि पारवी चालत राहिली. सावळारामानं मान वळवून विचारलं, "लागतंय का काई?"

"न्हाई."

"हिसका?"

"येकबी न्हाई," ठकुबाई म्हणाली, आणि तिनं आपलं कपाळ त्याच्या पाठीला टेकवलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं ठकुबाईच्या पोटाला नळी लावली. एका ठिकाणी लावली, दुसऱ्या ठिकाणी लावली, डोळे मिटून ऐकलं. मग नळी काढून गळ्यात अडकवली आणि हळूच विचारलं, "बाळ हलायचं कधी थांबलं?"

ठकुबाई भिंतीकडं बघत म्हणाली, "परवाधरनं."

सावळाराम दारात उभा होता. त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. "आन् बोलली न्हाईस?"

"तुमी पुलावर गेला हुता," ठकुबाई म्हणाली. "आन् काल आला ते येवढं हसत. मला बोलवंना."

डॉक्टरीणबाईनं त्याला बाहेर नेऊन बाकावर बसवलं. ती शांतपणे बोलत होती आणि सावळारामाला एकेक शब्द लांबून आल्यासारखा ऐकू येत होता. नवरा-बायकोचं रक्त जुळत नाही. बाळाचं रक्त आईच्या पोटातच खराब होत जातं, दर खेपेला जास्त. म्हणून दुसरा पिवळा पडला, म्हणून तिसरा गेला.

"मंग गाडीचा हिसका?"

"कसला हिसका?"

"मागल्या टायमाला. बैलगाडीच्या हिसक्यानं..."

"कुणी सांगितलं तुम्हाला? गाडीचा काही संबंध नाही. मी एकच गोष्ट सांगितली होती, आठवा लागला की आणा. लवकर मोकळी करून, बाळाचं रक्त बदलून बघितलं असतं. वाचलंच असतं असं नाही म्हणत मी. पण आठ दिवस आधी आणली असती तर बघता आलं असतं."

ती आत निघून गेली. बाहेर लिंबाखाली पारवी उभी होती, घामानं ओली. सावळाराम तिच्याकडं बघत बसला. आठ दिवस. बोटांवर मोजायचेही नाहीत, इतके सरळ हिशेबाचे आठ दिवस.

निरोप गेला तसा बिरू पिंपरीहून आगगाडीनं आला. त्याला कुणी बोल लावला नाही, कुणी बस म्हणालं नाही. परिचारिकेनं धडप्यात गुंडाळलेलं गाठोडं दिलं ते त्यानंच हातात घेतलं. दोघा भावांनी नदीकाठच्या काळ्या मातीत खड्डा खणला. पोरगा होता. माती लोटताना बिरू हुंदके द्यायला लागला.

"दादा, आवंदा तर गाडी माजी न्हवती."

"तवाबी तुजा दोष न्हवता, बिरू," सावळाराम म्हणाला. हे एवढं वाक्य बोलायला त्याला वर्ष लागलं होतं.

"मंग कुणाचा?"

सावळारामानं खोऱ्यानं माती थापटली. वर दोन धोंडे ठेवले, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून.

दहा दिवसांनी ठकुबाईला घरी सोडलं. बिरू म्हणाला, जीप आणतो. ठकुबाईच नको म्हणाली. तीच गोधडी, तीच घोडी, तोच रस्ता. निघताना डॉक्टरीणबाईनं दोघांना जवळ बोलावून सांगितलं होतं की आता पुन्हा दिवस जाऊ देऊ नका, पोर वाचणार नाही, आणि अशा खेपांनी खचलेल्या बाईचाही जीव जाईल. म्हणजे तोही दरवाजा बंद झाला.

इंदोरी आली. पूल आला. पारवी न बिचकता पुलावरून गेली. म्हाळुंग्याला विहिरीवरच्या बायांनी बघितलं आणि या वेळी घागरी खाली न ठेवता त्या निघून गेल्या. कडब्याच्या गंजी लागल्या होत्या, शिवारं उघडी पडली होती, ऊन चढत होतं. बऱ्याच वेळानं ठकुबाईनं मागून हाक मारली.

"अवो."

"काय गं?"

"पळवा की तिला."

"आं?"

"पळवा. बदाबदा पळवा. आता कुणाला जपायचंय?"

सावळारामानं लगाम ढिला सोडला आणि टाच मारली. पारवीनं कान टवकारले, पण चाल तीच. त्यानं बाजूच्या निरगुडीची फांदी ओढून मोडली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा तिच्या पुठ्ठ्यावर फटका मारला. एक, दोन, तीन. "पळ! पळ की, रांडं!" घोडी घाबरली, तिनं कान पाडले, नाकपुड्या फुगवल्या आणि वेग घेतला. वाटेकडची झुडपं झपाझप मागं पडायला लागली. पण पाय पडत होते ते जोडीनंच, एकदा डावे, एकदा उजवे. तो मारत राहिला. मागं बसलेल्या ठकुबाईच्या डोक्यावरचा पदरसुद्धा ढळला नाही.